गोवऱ्यांचा घुमट

पडक्या इमारतीतून टेप गुंडाळत बाहेर आलेल्या बाईला लोक "तुम्ही कोण?" असं विचारत नाहीत. "सापडलं का काही?" असं विचारतात. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या शिवेवर मी इतकी वर्षं फिरले, पण या प्रश्नाशिवाय एक रविवार गेला नाही. मराठीत तो आवाज खाली करून येतो, कानडीत थेट येतो, दखनीत हसत हसत येतो. सुरुवातीला मी "नाही हो" म्हणायचे. मग लक्षात आलं की "नाही" म्हटलं की विचारणाऱ्याची खात्रीच पटते. नंतर मी "सापडल्या की, भेगा सापडल्या" असं म्हणायला लागले. त्यावर एकाने शांतपणे विचारलं, "भेगांच्या आत काय हाय?"

आमचं काम खरं तर सांगायला अगदी सोपं आहे. आमच्या भागात शेताच्या बांधावर, रस्त्याच्या कडेला, कुणाच्या गोठ्यामागे जुन्या वास्तू पडून आहेत. घुमट, बारवा, कमानी, मठ, सराया. मोठ्या किल्ल्यांना सरकार आहे, तिकीट आहे, निळी पाटी आहे. या बारक्यांना कुणी नाही. आम्ही जातो, मोजतो, नकाशा काढतो, फोटो घेतो, कोणती वास्तू किती दिवस तग धरेल याचा अंदाज बांधतो. जमलं तर भिंतीत उगवलेला पिंपळ काढतो, छतावर साचणाऱ्या पाण्याला वाट करून देतो. शस्त्रक्रिया आम्हाला परवडत नाही. आम्ही नाडी बघतो आणि नातेवाइकांना गाठून सांगतो. पुष्कळदा नातेवाइकांना आपण नातेवाईक आहोत हेच माहीत नसतं.

मी मूळची भालकीची. बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. माझ्या टेबलावरच्या पाटीवर शेवटपर्यंत 'ड्राफ्ट्समन' असंच लिहिलेलं होतं आणि मी ते बदलून मागितलं नाही, कारण मागितलं असतं तर पाटीच गेली असती. मुदतीआधी नोकरी सोडली आणि बीदरच्या एका लहानशा संस्थेत समन्वयक झाले. समन्वयक म्हणजे शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना फोन करून "उद्या टोपी आणि पाणी आणा" असं सांगणारी व्यक्ती.

सगळे म्हणजे स्वयंसेवक. पगारी माणसाला काम सांगता येतं, स्वयंसेवकाला फक्त सुचवता येतं. तो येतो ते त्याच्या स्वतःच्या कारणाने, आणि त्या कारणाचा वास्तूशी बहुधा काही संबंध नसतो. माझे तीन हुकमी स्वयंसेवक होते. पहिले कमठाण्याचे कांबळेसर, गणिताचे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर ते घरातल्या प्रत्येक डब्यावर त्याचं घनफळ लिहायला लागले, तेव्हा त्यांच्या पत्नीचा मला फोन आला, "बाई, तुमच्याकडं मोजायचं काम असतंय म्हणे?" दुसरे हुमनाबादचे दंतवैद्य, डॉक्टर शिवानंद. त्यांचा मेहुणा दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला येतो. डॉक्टर दात तपासायचा छोटा आरसा घेऊन यायचे आणि भेगांत घालून बघायचे. भिंत तोंड उघडं ठेवून बसते आणि ओरडत नाही, याचं त्यांना फार कौतुक. तिसरी शाहीन, कलबुर्गीला आर्किटेक्चर शिकणारी. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आली होती. प्रोजेक्ट संपला, गुण मिळाले, तरी येत राहिली. कारण विचारलं तर म्हणाली, "म्याडम, घर में छत पे चढने नैं देते. इधर घुमट पे बी चढने देते."

आता गोष्ट सांगते ती निर्ण्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका वस्तीची. वस्तीचं नाव मुद्दाम सांगत नाही. खणायची हौस असलेले लोक दिवाळी अंकही वाचतात.

वस्तीच्या मागे मोकळ्या जागेत एक दगडी चौकोन आणि त्यावर घुमट, एवढीच ती वास्तू. आत थडगं नाही, देव नाही, शिलालेख नाही. वाटसरूंनी टेकायची जागा असावी असं आमचं मत. वस्तीतले लोक तिला गोवऱ्यांचा घुमट म्हणत, कारण आत जमिनीपासून हात पोचेल तिथवर गोवऱ्या रचलेल्या होत्या. त्या होत्या सुभद्राक्काच्या. सुभद्राक्काचं घर सगळ्यात जवळ. तिच्या सासूपासून तो घुमट त्यांच्याच वापरात, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण दुसऱ्या कुणाला तो नकोच होता.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा ती दारात बसून होती.

"कामून आलाव?"

"मोजायला," मी म्हटलं.

"कामून मोजायलाव?"

"घुमट पडू नये म्हणून."

"मोजल्यावर पडत न्हाई व्हय?"

मी पिशवीत टेप शोधायला लागले.

बऱ्याच बोलाचालीनंतर तिने एका अटीवर परवानगी दिली. गोवऱ्या बाहेर काढायच्या तर काढा, पण जशा होत्या तशाच परत लावायच्या. "वरच्या वर, खालच्या खाली. खालच्या जुन्या हायत. त्या आदी जाळायच्या असत्यात. उलटंपालटं केलाव तर मी तुमच्या घरी यीन."

कांबळेसरांच्या आयुष्यातला तो सुवर्णदिन. त्यांनी खडूने प्रत्येक रांगेला क्रमांक दिला, भिंतींना अ, ब, क, ड अशी नावं दिली आणि आम्हाला ओळीत उभं केलं. आतून शाहीन, मग मी, मग डॉक्टर, शेवटी सर, असा गोवऱ्यांचा प्रवास सुरू झाला. डॉक्टरांनी हातमोजे आणि मास्क चढवला होता. रस्त्याने मोटारसायकलवरून जाणारा एक जण थांबला, नीट निरखून म्हणाला, "डॉक्टर, दवाखाना बंद केलाव काय?" डॉक्टरांनी मास्कमधूनच मान हलवली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या एका जुन्या पेशंटने दुसरा दंतवैद्य गाठला.

'ड' भिंतीच्या गोवऱ्या निघाल्या आणि शाहीन आतून बोलायची थांबली. ती बोलायची थांबते तेव्हा काहीतरी झालेलं असतं. आम्ही आत गेलो. भिंतीवरचा जुना गिलावा शाबूत होता, आणि त्यात भाकरीएवढा एक निळ्या फरशीचा तुकडा, वर पांढरी वेल. बीदरच्या मोठ्या इमारतींवर अशा फरशा आहेत, पण या आडवाटेच्या सराईत कुणाला तरी आपली भिंतही निळी असावी असं वाटलं होतं. ऊन, पाऊस आणि पोरांचे दगड यांपासून तिला गोवऱ्यांनी वाचवलं होतं.

सुभद्राक्का मागून डोकावली. "हे हितंच व्हतं?"

"हो."

"माज्या सासूनं बी गोवऱ्याच लावल्या, मी बी गोवऱ्याच लावल्या. बगितलं कुणी?" तिने पदराने त्या निळ्यावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "बरं हाय. पण आता गोवऱ्या कुटं लावू मी?"

आम्ही 'ड' भिंत मोकळी ठेवली आणि बाकीच्या गोवऱ्या क्रमाने परत रचल्या. जागा अपुरी पडली म्हणून उरलेल्या तिच्या घरामागे रचून वर पत्रा घातला. तिने दोन ठिकाणी क्रम चुकल्याचं दाखवून दिलं. कांबळेसर त्या दिवशी जेवले नाहीत.

संध्याकाळपर्यंत वस्तीत बातमी पसरली की मोजणीबाईला, म्हणजे मला, निळा खडा सापडला. हुमनाबादेत पोचेपर्यंत त्याचा हिरा झाला होता. डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडलेल्या एका माणसाने तोंडात अवजार असतानाच विचारलं, "हा हा हा हा?" डॉक्टरांना ते बरोबर कळलं. "नाही सापडलं," ते म्हणाले.

आता भेगांविषयी सांगायला हवं. भेग दिसली म्हणजे भिंत पडते असं नाही. काही भेगा म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्यांसारख्या असतात, असायच्याच. धोका असतो तो वाढणाऱ्या भेगेचा. वाढते की नाही हे बघायची जुनी युक्ती अशी, की भेगेवर आडवी काचेची पट्टी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं भिंतीला प्लास्टरने चिकटवायची. भेग जरा जरी हलली तरी काच तडकते. आम्ही त्या घुमटात अशा पुष्कळ काचा लावल्या. भेग नसलेल्या धडधाकट जागीही कांबळेसरांनी एक लावली, तुलनेसाठी म्हणून. आम्ही सगळे त्यांना हसलो.

दोन रविवारांनी गेलो तर सगळ्या काचा फुटलेल्या.

डॉक्टर एकेका भेगेत आरसा घालत फिरले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "म्याडम, सगळ्याच दाढा हलायल्यात." कांबळेसरांनी कागदावर आकडेमोड केली आणि जाहीर केलं की आपण कुणीही आत उभं राहणं बरोबर नाही. हे ते आत उभं राहूनच सांगत होते. एवढ्या वेगाने भेगा वाढत असतील तर तो घुमट महिनाभरही टिकणार नव्हता. लाकडी टेकू कुठून आणायचे, वस्तीला काय सांगायचं, सुभद्राक्काला आत जायला बंदी कशी करायची, असं सगळं माझ्या डोक्यात एकदम सुरू झालं. तेवढ्यात शाहीन म्हणाली, "सर, तुमारी वो काच बी फूटी है."

भेग नसलेल्या भिंतीवरची काच फुटली होती. म्हणजे एक तर गणित चुकलं होतं किंवा वस्ती.

तिथल्या पंचायतीचा मेंबर वीरण्णा आमचा मोठा आधार. आम्ही आलो की खुर्च्या पाठवायचा, चहा पाठवायचा, "आमच्या गावचं नाव होऊ द्या" म्हणायचा. तो लगेच धावत आला. "माकडं करायलेत, म्याडम," तो म्हणाला.

"इथं माकडं आहेत?"

"आता आलीत."

तो गेल्यावर सुभद्राक्काने खरं काय ते सांगितलं. "लोकं बगायलेत, बाई. तुमी काच लावलाव म्हंजी मागं काय तरी ठिवलाव. कोण चाकू घालतंय, कोण खिळा घालतंय. परवा एक जण निळ्या फरशीला कान लावून बसला व्हता."

मग मी पंचायतीच्या कट्ट्यावर सगळ्यांना बोलावून काचेचं शास्त्र समजावलं. काच का लावतात, ती फुटली की आम्हाला काय कळतं, सगळं. लोकांनी मन लावून ऐकलं. शेवटी एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजी कुणी हात लावला की काच फुटती आणि तुमाला कळतंय?"

"तसं नाही, पण हो, कळतं."

"राखणच की मग," तो शेजारच्याला म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी कट्ट्यावरून उतरले तेव्हा घुमटाची अवस्था मी चढले होते तेव्हापेक्षा वाईट होती. आमच्या धंद्यातलं हे दुखणं आहे. आपण एखाद्या वास्तूकडे बघतो म्हणून बाकीचे बघायला लागतात, आणि बघणाऱ्यांतल्या एकाच्या हातात कुदळ असते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी सुभद्राक्काचा फोन आला.

"मोजणीबाई, भुरी पडली."

"कोण भुरी?"

"माजी म्हैस. तुमच्या खड्ड्यात पडली."

"आमचा कुठला खड्डा? आम्ही खड्डा खणलेला नाही, अक्का."

"म्हशीला काय ठावं खड्डा कुणाचा ते. तुमी या."

मी सगळ्यांना फोन केले. डॉक्टरांनी दवाखान्याला कुलूप लावलं. हे विशेष, कारण तो रविवार नव्हता आणि मेहुणाही येणार नव्हता. शाहीन नेमकी सुट्टीत हुमनाबादला मावशीकडे आली होती. कांबळेसर टेप घेऊन आले.

घुमटाच्या उत्तरेच्या कोपऱ्याला, अगदी भिंतीला लागून, कुणीतरी रात्रीतून मोठा खड्डा खणला होता. पायाचे दगड उघडे पडले होते. वरच्या भिंतीत नवी भेग उतरली होती, अंगठा जाईल एवढी. या भेगेला काचेची गरज नव्हती. आणि खड्ड्यात भुरी उभी होती. बाहेर फक्त शिंगं, डोळे आणि पाठीचा कणा. तिला इजा झाली नव्हती, पण तिच्या अंगाला खाज सुटली होती. ती थोड्या थोड्या वेळाने पायाच्या उघड्या दगडांवर अंग घासत होती, आणि दर घासण्याला वरून चुना गळत होता.

भोवती सगळी वस्ती जमली होती. वीरण्णाने जेसीबी बोलावला होता आणि तो घरघरत येतच होता. म्हशीच्या पोटाखालून पट्टे घालून उचलायचं, असा बेत. मी खड्डा बघितला, भेग बघितली आणि जाऊन जेसीबीच्या वाटेत उभी राहिले. एवढं धूड त्या कोपऱ्याजवळ आलं असतं तर त्याच्या हादऱ्यानेच भिंत खड्ड्यात बसली असती, आणि खड्ड्यात म्हैस होती.

"बाई, सरका," सुभद्राक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पडला घुमट तर पडू द्या. घुमट काय दूध देतोय?"

"अक्का, घुमट पडला तर भुरीवरच पडेल."

"आणि न्हाई काढली तर ती हितंच मरंल."

दोघींचंही खरं होतं. म्हशीपेक्षा घुमट मोलाचा, असं मी तिच्या तोंडावर म्हणू शकत नव्हते. घुमटापेक्षा म्हैस मोलाची, असं संस्थेच्या अहवालात लिहू शकत नव्हते. मी तशीच उभी राहिले. ड्रायव्हरने यंत्र बंद केलं आणि खाली उतरून शेंगा सोलायला लागला.

मग सगळ्यांना उपाय सुचायला लागले. कांबळेसर म्हणाले, खड्डा पाण्याने भरू, म्हैस आपोआप तरंगत वर येईल. तेवढं पाणी वस्तीला आठ दिवस प्यायला पुरलं असतं, हे त्यांच्या लगेच लक्षात आणून देण्यात आलं. पाया भिजला तर काय, हे मी वेगळं सांगितलं. कुणीतरी डॉक्टरांना विचारलं, "तुमी भूल देताव की. हिला द्या, झोपली की काढू."

"मी फक्त जबड्याला देतो," डॉक्टर म्हणाले.

"आणि झोपली तर उचलायची कुणी?" सुभद्राक्का म्हणाली. ती घरात गेली आणि कडब्याच्या दोन पेंढ्या घेऊन आली. तिचा काही बेत नव्हता. भुरी सकाळपासून उपाशी होती एवढंच. तिने पेंढ्या सोडून खड्ड्यात टाकल्या. भुरीने थोडं खाल्लं, थोडं तुडवलं, आणि मग पुढचे दोन पाय उरलेल्या कडब्यावर ठेवून उभी राहिली. तिचा गळा खड्ड्याच्या वर आला.

शाहीन काठावर उकिडवी बसून बघत होती. ती म्हणाली, "म्याडम, ये तो चढती. नीचे मिट्टी डालते जाओ, ये ऊपर आते जाती."

मी तिला त्या क्षणी काय म्हणाले ते आठवत नाही. पण माझ्या मनात एकदम दोन आणि दोन चार झाले. जुन्या भिंतीच्या पायाशी असा खड्डा पडला तर तो भरायची एक रीत असते. आधी पायाला दगडांचा आधार लावायचा, मग मुरमाचे पातळ थर टाकायचे, आणि प्रत्येक थर धुम्मसने, म्हणजे माती दाबायच्या जड ठोकळ्याने, चांगला ठोकून मगच पुढचा टाकायचा. घाई केली, एकदम माती लोटली, तर पहिल्या पाण्याला ती खचते. या कामाला चिकाटीची माणसं आणि जड धुम्मस लागते. आमची धुम्मस खड्ड्यात उभी होती आणि कडबा खात होती.

कामाला सुरुवात झाली. डॉक्टर आणि कांबळेसर भिंतीच्या बाजूने खड्ड्यात उतरले आणि पायाखालच्या पोकळीत दगड बसवायला लागले. त्यामुळे भुरीची अंग घासायची जागा गेली आणि ती डॉक्टरांच्या पाठीवर घासायला लागली. डॉक्टर दगड बसवत राहिले. नंतर म्हणाले, पेशंट घाबरलेला असला की तो काहीतरी धरतोच. ड्रायव्हरने जेसीबी पार लांब नेला आणि ओढ्याकडचा मुरूम बकेटीने वस्तीच्या कडेला आणून टाकायला लागला. तिथून बाया टोपल्या भरभरून आणत होत्या. एक थर पडला की सुभद्राक्का हिरवी वैरण हातात धरून खड्ड्याच्या काठाने फिरायची, आणि तिच्या मागे मागे भुरी आत फिरायची.

"अक्का, त्या कोपऱ्यात कमी दबलंय," वरून मी म्हणायचे.

"भुरे, हिकडं ये. हिकडं. बाईला हिकडं पायजे म्हणं."

भुरी तिकडे जायची. कांबळेसर प्रत्येक थराला टेप लावून बघायचे आणि मगच पुढच्या टोपलीला हात वर करायचे. "अजून दोन फेऱ्या," ते म्हणायचे, आणि सुभद्राक्का म्हशीला अजून दोन फेऱ्या मारायला लावायची. मी बांधकाम खात्यात जन्म काढला. थर इतक्या प्रामाणिकपणे ठोकलेला मी कधी बघितला नव्हता.

सगळ्यात जोराने फावडं मारत होता वीरण्णा. घामाने निथळत होता, कुणाशी बोलत नव्हता. पहिलाच थर चालला असताना भुरीच्या खुराखालून एक चप्पल वर आली. तपकिरी, उजव्या पायाची, अंगठ्याचा पट्टा तारेने बांधलेला. आम्ही सगळ्यांनी ती बघितली. मग सगळ्यांनी वीरण्णाच्या पायांकडे बघितलं. त्याच्या पायात करकरीत नव्या चपला होत्या.

वस्ती लहान असते आणि तिथेच राहायचं असतं. लोक पुन्हा टोपल्यांकडे वळले. सुभद्राक्का वैरण खाली करून म्हणाली, "वीरण्णा, ही चप्पल काढू का ठिवू?"

वीरण्णाने फावडं मारता मारताच सांगितलं, "ठिव, अक्का. लई जुनी झालती."

त्यावर पुढची टोपली पडली. आणखी काही शतकांनी कुणी तज्ज्ञ तिथे शास्त्रोक्त उत्खनन करेल, तेव्हा त्या चपलेचा काळ ठरवताना त्याची जी धांदल उडेल तिची मला आजच कल्पना येते.

उन्हं कलायच्या आत भुरी खड्ड्यातून बाहेर चालत आली. उडी नाही, धडपड नाही. जणू तिला कुठेतरी जायचं होतं आणि आम्हीच मध्ये उभे होतो. सरळ हौदाकडे गेली आणि पाणी प्यायला लागली. सुभद्राक्काने तिच्या पाठीवरचा चुना हाताने झाडला. नंतर माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुमचा घुमट बी राहिला." पहिल्यांदाच मला त्या 'तुमचा'चा राग आला नाही.

त्या दिवसाने जे काम केलं ते माझ्या कुठल्याच व्याख्यानाने झालं नसतं. चहा पिताना वीरण्णा कट्ट्यावर बसून कुणालाच न उद्देशून म्हणाला, "समजा, कुणी खणलं असतं. समजा म्हणायलोय मी. तर खाली काय बी न्हाई. नुसता मुरूम हाय. पुरुषभर खोल गेलं तरी मुरूमच." लोकांनी ते निमूट ऐकलं. मी सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. पण हा माणूस आत जाऊन आलेला होता. त्यानंतर आम्ही तिथे नव्याने लावलेली एकही काच फुटली नाही. वीरण्णा अजूनही आम्ही आलो की खुर्च्या पाठवतो. चहात साखर थोडी जास्त असते.

सगळ्या वास्तूंना म्हैस मिळत नाही, हेही सांगायला हवं. कमठाण्याच्या बाजूला एका बारवेवर दुहेरी कमान होती. तिचा नकाशा आम्ही फार सुरेख काढला होता, शाहीनने दगडन् दगड मोजून. डागडुजीसाठी परवानग्या जमवत होतो. एका सकाळी गेलो तर कमान बारवेच्या पाण्यात पडलेली. कुणी पाडली नव्हती, तिची ताकद संपली होती. कांबळेसर काठावर बसून बराच वेळ नकाशातल्या मापांवरून बोट फिरवत होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "मापं बरोबर होती." सुभद्राक्काने पहिल्या दिवशी विचारलेलं "मोजल्यावर पडत न्हाई व्हय?" अशा वेळी ऐकू येतं.

पण घुमट उभा आहे. चुन्याची डागडुजी झाली, वरचं पाणी वळवलं, नवी भेग भरली. निळ्या फरशीची बातमी वरपर्यंत गेली आणि संरक्षित वास्तूंत घुमटाचं नाव घालता येईल का हे बघायला पुरातत्त्व खात्याचे एक अधिकारी आले. तरुण, अत्यंत सभ्य, पार दक्षिणेकडचे. मराठी त्यांना येत नव्हती, म्हणून मी मध्ये बसून भाषांतर करत होते. त्यांनी फरशी बघितली, खूश झाले. बाहेरून फेरी मारताना उत्तरेच्या कोपऱ्याशी थांबले. हातातली लोखंडी सळई जमिनीत खुपसून बघितली. सळई जाईना. दुसऱ्या जागी बघितलं. तिथेही जाईना.

"हे भरणकाम कुणी केलं?" त्यांनी कानडीत विचारलं. "यंत्राने ठोकलं तरी इतकं बसत नाही. कोण कंत्राटदार?"

"स्थानिकच," मी म्हटलं.

"कोहिनूर गावाकडे माझी अशीच एक जागा आहे. पाया उघडा पडलाय. यांना तिकडे पाठवता येईल का?"

डॉक्टर आकाशाकडे बघायला लागले. कांबळेसर टेप काढून उगाच एक दगड मोजायला लागले. शाहीनने ओढणी तोंडाशी धरली. दारात बसलेल्या सुभद्राक्काने मला विचारलं, साहेब काय म्हणतोय? मी सांगितलं. तिने गंभीरपणे विचार केला.

"सांगा त्याला," ती म्हणाली, "ती आता गाभण हाय. इतक्यात न्हाई यायची."

मराठीत गाभण म्हटलं की बोलणं जनावराचं आहे हे उघड होतं. कानडीत तर जनावरासाठी सर्वनामच वेगळं, 'अदु'. मी साहेबांकडे वळले आणि भाषांतर केलं. फक्त म्हशीला 'अदु' म्हणायच्या जागी 'अवरु' म्हणाले, म्हणजे 'त्या'. त्या गरोदर आहेत, इतक्यात येऊ शकणार नाहीत.

साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी सळई बाजूला ठेवली आणि सुभद्राक्काला हात जोडले.

"बेड, बेड," म्हणजे नको, नको, असं ते म्हणाले. "मग अजिबात नको. त्यांना आराम करू द्या. आणि म्याडम, अशा अवस्थेत त्यांना पुन्हा ओझी उचलायला लावू नका."